कडेचं पाणी

सुरतेच्या लिंबायतमध्ये धुडकू लोहाराच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. पहारीला टोक काढून घ्यायला आलेला माणूस आधी चार शिव्या खायचा, मग चहा प्यायचा आणि मग काम घेऊन जायचा. "पहार आहे का भाताचं ढवळणं? काय करत होतास हिचं?" असं तो खेकसला की गिऱ्हाईक हसत हसत खाली बसायचं. कारण धुडकूच्या हातचं टोक खडकात शिरायचं, पण वाकायचं नाही. पारोळ्याकडून सुरतेला आलेल्या या माणसानं पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी मांडली, घर चालवलं, पोरीचं लग्न लावलं. सगळं विस्तवाच्या आणि तोंडाच्या जोरावर.

आणि देवालाही काय सुचावं? त्यानं नेमकं तोंडच काढून घेतलं. पोळ्याच्या सुमारास ऐरणीशी उभा असलेला धुडकू धाडकन खाली आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. आता तोंडातून नुसतं "आं, आं" निघतं. कान शाबूत, डोळे शाबूत, अक्कल तर पहिल्यापेक्षा जास्तच शाबूत. शेडच्या कोपऱ्यात खाटेवर पडून तो दिवसभर भट्टीकडे बघत असतो. आणि भट्टीपुढं उभा असतो त्याचा जावई, योगराज.

योगराज भला माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. तो लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कारागीर होता. खातं बंद पडलं, शेठनं मशीनं भंगारात काढली. त्याच सुमारास सासरा आडवा झाला, तेव्हा योगराज आपणहून म्हणाला, "मामांची भट्टी मी चालवतो." तो सासऱ्याचं अंग पुसतो, घास भरवतो, लघवीचं भांडंसुद्धा उचलतो. पोटच्या पोरानं एवढं केलं नसतं. पण विस्तवाला माणसाच्या भलेपणाशी काय देणंघेणं?

खरं तर हे सगळं टाळता आलं असतं. धुडकूची मुलगी तारा कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालते. ती कधीपासून बापाच्या मागं लागली होती, "आबा, यांना भट्टी शिकवा. खात्याचा काही भरवसा नाही." धुडकू तिच्यावरच उखडला होता. "जावयाच्या हातात भट्टीची आकडी देऊ? त्याला काळा करू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." जावई आला की खुर्ची पुसायची, चहा द्यायचा, पंखा त्याच्याकडे फिरवायचा. योगराजनं एकदा सहज कोळसा सारायला हात पुढं केला, तर धुडकूनं त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं होतं. मानपान राखला म्हणून तेव्हा किती बरं वाटलं होतं त्याला. आता खाटेवर पडल्या पडल्या त्याच मानपानावर तो रोज मनातल्या मनात थुंकतो.

भट्टी म्हणजे काय, तर मध्ये बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कुंडं, त्याच्या तळातून ब्लोअरचा वारा आणि भोवती दगडी कोळसा. विस्तव हाताळायची हत्यारंही साधीच. खालचा खंगर, म्हणजे कोळशातली वितळून गोळा झालेली घाण, ओढून काढायला टोकाशी वाकवलेली लोखंडी आकडी. कोळसा सारायला चपटं फावडं. वारा कमीजास्त करायला पत्र्याची झडप. आणि झारी, तेलाच्या जुन्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली. झारीनं कडेच्या कोळशावर पाणी शिंपडत राहायचं, म्हणजे विस्तव मधल्यामध्ये राहतो, पसरत नाही, आणि लोखंडाला हवी तेवढीच धग मिळते. पाणी मात्र कडेला मारायचं, मध्ये नाही. यात सगळी विद्या आली.

ही विद्या घरात आणखी एका माणसाला येत होती. धुडकूची बायको धुरपदाबाई जन्मभर नवऱ्याच्या बाजूला उभी राहून पाणी शिंपडत आली होती. पण खानदेशातली जुन्या वळणाची सासू जावयासमोर पदर पुढं ओढते, आवाज काढत नाही. तिनं ताराकडून निरोप धाडला, "पाणी मारत जा म्हणावं." योगराजनं ऐकलं आणि पाणी मारलं ते बरोबर मधोमध. राखेचा आणि वाफेचा लोट तोंडावर आला, भुवया भाजल्या, विस्तव काळा पडला. तेव्हापासून त्यानं झारी खिळ्याला टांगली ती टांगलीच, आणि दुसरा निरोप धाडायचा धुरपदाबाईला धीर झाला नाही.

हळूहळू गिऱ्हाइकं पांगली. राहिला एकटा भटू मुकादम, पलसाण्याकडच्या बांधकामावर मराठवाड्याची माणसं कामाला लावणारा. त्याच्या पहारींवर आणि छिन्न्यांवर शेड तग धरून होती. भटू तुटला की भट्टी संपली, हे धुडकूला ठाऊक होतं, योगराजलाही ठाऊक होतं.

त्या सकाळी भटू रिक्षातून पहारींचा भारा घेऊन आला. "कसा शेतस, दादा?" म्हणून त्यानं खाटेवरच्या धुडकूचा हात दाबला. मग योगराजला म्हणाला, "भाऊ, आज टोकं नीट काढा. मागच्या खेपेची पहिल्याच घावाला मुडपली. माणसं मला हसतात."

योगराजनं मान डोलावली, ब्लोअर लावला आणि झडप सताड उघडली. आकडी भिंतीलाच टेकलेली राहिली. तळाशी कालचा खंगर तसाच होता, त्यामुळे वारा एका बाजूनंच फुसफुसायला लागला. मग तो कच्चा कोळसा फावड्यानं मध्येच लोटत सुटला. पिवळा धूर शेडभर झाला, विस्तव कडेकडेनं पसरला. धुडकूचा जीव कासावीस झाला. त्यानं डावा हात उचलून खिळ्याला टांगलेल्या झारीकडे बोट केलं. "आं, आं."

योगराजनं हातातलं काम टाकलं, धावत माठाकडं गेला आणि पेला भरून आणला. सासऱ्याची मान हातावर घेऊन त्यानं पाणी पाजलं. "सावकाश, मामा." काय करणार धुडकू? प्यायला. मग पुन्हा झारीकडे बोट केलं. पुन्हा पेला आला. या खेपेला धुडकूनं पेला डाव्या हातात घेतला आणि होती नव्हती ती ताकद एकवटून पाणी भट्टीच्या कडेवर फेकलं. ते तिथवर पोचलंच नाही. त्याच्याच पायांवर सांडलं.

"हात थरथरला," योगराज म्हणाला आणि त्यानं आपल्या गमछ्यानं सासऱ्याचे पाय कोरडे केले.

आतल्या दारात धुरपदाबाई उभी होती. पाणी कुठं जायला निघालं होतं ते तिला बरोबर कळलं. तिचा हात चौकटीवर होता. एक पाऊल टाकलं असतं तर झारी हातात आली असती. पण पदर डोळ्यांवर होता आणि समोर जावई, वर परका मुकादम. तिचा पाय उचललाच नाही.

एवढ्यात पहारीचं टोक पांढरंफेक होऊन त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. लोखंड जळलं होतं. योगराजनं घाईनं ते ऐरणीवर घेऊन हातोडा मारला, आणि टोक ओल्या भाकरीसारखं तुटून खाली पडलं.

भटूनं तुटकं टोक पायानं बाजूला सारलं आणि उरलेल्या पहारी रिक्षात भरल्या. "भेस्तानला एक जण मशीनवर टोकं घासून देतो. तात्पुरतं तिथं बघतो," तो म्हणाला. जाताना त्यानं धुडकूकडं पाहिलं नाही.

योगराज डोकं धरून उकिडवा बसला. आणि धुडकूनं पुन्हा हात उचलला. अजून वेळ गेली नव्हती. भट्टी पेटलेली होती, कोळसा होता, माणूस कष्टाळू होता. नुसती ती झारी हातात घे रे बाबा, कडेनं शिंपड, पुढचं मी डोळ्यांनी सांगतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्यानं विस्तवाकडे बोट केलं, पाण्याकडे बोट केलं. पुन्हा विस्तवाकडे, पुन्हा पाण्याकडे. "आं, आं, आं."

योगराज बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"कळलं, मामा. मघापासून हेच सांगत होता ना तुम्ही? जीव घुसमटतोय धुरानं. विझवून टाक म्हणताय." तो उठला, आणि कोपऱ्यातली भरलेली बादली त्यानं दोन्ही हातांनी उचलली.

"बापू, पानी नका टाकू!" धुरपदाबाई पदराचं भान विसरून ओरडली. जावयाशी ती पहिल्यांदाच बोलत होती. तोवर बादली रिकामी झाली होती.

वाफेचा डोंगर पत्र्यापर्यंत गेला. तापलेलं बीड आणि थंड पाणी. कुंडं मधोमध तडकल्याचा कट्‌ असा आवाज आला. धुडकूनं ऐकला, धुरपदाबाईनं ऐकला. योगराजला कोळशाच्या चरचराटात तो कळलाही नाही.

"काय झालं, मामी?" त्यानं दचकून विचारलं.

धुरपदाबाईनं कुंड्याकडं बघितलं, जावयाच्या भाजलेल्या भुवयांकडं बघितलं आणि पदर पुन्हा पुढं ओढला. "काही नाही, बापू."

योगराज खाटेपाशी आला. सासऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यानं गमछ्याच्या कोरड्या टोकानं हलक्या हातानं पुसलं.

"गेला ना, मामा, धूर? आता बरं वाटतंय ना?"

धुडकूनं मान डोलावली. हो म्हणाला.