फाटकावरचा धूर

सोयाबीनच्या हंगामातली धूळ आईच्या दम्याला सोसत नाही. त्या दिवशी तिचा पंप संपला होता, म्हणून तिला घेऊन मी वाशीमच्या दवाखान्यात निघाले होते. जऊळक्याजवळ रेल्वेचं फाटक पडलं. आमच्याकडे फाटकावर रांग कधी लागत नाही, जो तो पुढे घुसतो. रस्ता दोन्ही बाजूंनी भरतो आणि इंजिनं मात्र कुणी बंद करत नाही.

पुढ्यात पोत्यांनी भरलेला टेम्पो होता. त्याचा काळा धूर थेट आमच्या गाडीत. काचा लावल्या तर आईचा जीव गुदमरायचा, उघडल्या तर खोकला थांबेना.

"पोरी, हवा," एवढंच ती कशीबशी म्हणाली.

माझं डोकं फिरलं. उतरले आणि टेम्पोचं दार ठोठावलं. "दादा, इंजिन काहून बंद नाही करत? मागं माही माय हाये, तिले दमा हाये. सारा धूर आमच्या गाडीत येऊन राह्यला!"

"बंद केलं अन् चालूच नाही झालं तं? बॅटरी कमजोर हाये," टेम्पोवाला म्हणाला. मग आरशात पाहून हसला. "बाई, तुमची तं चालूच हाये!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान! माझीही बॅटरी सकाळपासून कुरकुरत होती. गाडी इथेच बंद पडली तर आईला न्यायचं कसं, याच भीतीने मी किल्लीला हात लावला नव्हता.

परत आले तर आईचे ओठ काळपट पडलेले. मी किल्ली फिरवली.

टेम्पोवाला आरशातून बघतच होता. क्षणभराने त्याचंही इंजिन थांबलं. मग शेजारची जीप, मग मागच्या दोन-तीन गाड्या. त्या शांततेत आईच्या छातीतली शिट्टी स्पष्ट ऐकू यायला लागली आणि मी फार घाबरले. पण हळूहळू तिचा खोकला तरी थांबला.

रेल्वे गेली, फाटक उघडलं. मी किल्ली फिरवली. नुसतं टक्‌टक्. पुन्हा फिरवली, तेच. मागे हॉर्न सुरू झाले. टेम्पो मात्र पहिल्या झटक्यात चालू झाला आणि रूळ ओलांडून निघूनही गेला. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात कुणीतरी काचेवर थाप मारली. टेम्पोवाला धापा टाकत उभा होता.

"दुसऱ्या गेरात टाका बाई, आमी धक्का देतो," म्हणत त्याने जीपवाल्यांनाही उतरवलं.

गाडी चालू झाली. थांबून आभार मानायचीही सोय नव्हती. रूळ ओलांडले तर पलीकडे कडेला त्याचा टेम्पो उभा होता, इंजिन बंद करून.