दोन महाराज आणि गणपत शिंप्याची इंदू

देवासात गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. महाराज दोन, दिवाण दोन, शाळाही दोन, आणि दोन्ही दरबारांचं एकमेकांशी पटत नसे. त्यात गणपत शिंप्याचं घर असं काही सापडलं होतं की पुढचं दार थोरल्या पातीत उघडायचं आणि मागचं धाकट्या पातीत. त्याचा पणजा मराठ्यांच्या फौजेमागून सुईदोरा घेऊन माळव्यात आला, तेव्हा तू कोणत्या पातीचा, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. गणपतही दोन्ही दरबारांचे अंगरखे शिवायचा.

संध्याकाळी दिवा लागला की तो इंदूला, आपल्या एकुलत्या एक मुलीला, हात जोडायला लावी. "थोरल्या महाराजांना उदंड आयुष्य दे. धाकट्या महाराजांनाही दे." दोघांचं अन्न खातो तर दोघांचं बरं मागावं, एवढा साधा त्याचा विचार.

इंदू नऊ वर्षांची, थोरल्या पातीच्या मुलींच्या शाळेत तिसरीत होती. गणपतला स्वतःला अक्षर वाचता येत नव्हतं. गिऱ्हाइकाचं माप तो दोऱ्याला गाठी मारून ठेवी. मुलगी खडाखड वाचू लागली तेव्हा हा पठ्ठ्या आठ दिवस भेटेल त्याला सांगत सुटला होता. तिने शिकावं, यापलीकडे त्याला दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी थोरल्या महाराजांच्या वाढदिवसाला शाळेत समारंभ झाला. आवाज गोड, म्हणून प्रार्थना इंदूकडे आली. समोर दरबारी मंडळी खुर्च्यांवर बसलेली. इंदूने डोळे मिटले, हात जोडले आणि घरी म्हणते तशी प्रार्थना पुरी म्हटली, धाकट्या महाराजांसकट. खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. हेडमास्तर दत्तोपंतांचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी शाळेचा शिपाई उमाशंकर दारात हजर. "गणपत भिया, छोरी को समझा दो. सबके सामने बोल दे के घर में गलत सिखाया, बस. नहीं तो मास्तरसाब नाम काट रहे हैं."

गणपत घाबरला. उगाच शूर म्हणून कशाला सांगा, चांगलाच घाबरला. त्याने इंदूला जवळ ओढलं. "बोलून टाक गं बाय. एक वाक्य तर आहे. शाळा नको का तुला?"

"हवी." इंदू रडवेली झाली. "पण बाबा, तुम्ही खरंच चुकीचं शिकवलंत का?"

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण तो एवढासा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघेना. त्याने कात्री खाली ठेवली, टोपी चढवली आणि एकटाच शाळेत गेला.

"पंत, शिकवलं मी. शिक्षा मला करा," तो दत्तोपंतांना म्हणाला. "अक्षरं तुम्ही शिकवा, आम्ही पाया पडतो. पण देवाजवळ कुणाचं बरं मागायचं, ते घरचं घरी राहू द्या."

"शाळा दरबारची आहे, गणपत. इथे दरबाराला आवडेल तेच बोलायचं."

"शाळा दरबारची, पंत. पोरगी माझी आहे."

दत्तोपंत वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वरच्यांना तोंड द्यायचं होतं. त्यांनी इंदूचं नाव पटावरून काढलं, पण काढताना गणपतकडे बघितलं नाही.

राहिलं मागचं दार. गल्ली ओलांडली की समोरच धाकट्या पातीची शाळा. तिथले म्हातारे हेडमास्तर मोरोपंत सगळी हकीकत ऐकून खूश झाले. "आमच्या महाराजांचं नाव घेतलं म्हणून काढली? ये, ये बाळ! मात्र इथे नाव एकच घ्यायचं हं. तिकडचं नाव इथे चालायचं नाही."

घ्या! गणपतने कपाळाला हात लावला. पण आता तिसरी शाळा आणायची कुठून? तो इंदूजवळ वाकला. "एक मोठ्याने म्हण, दुसरं मनात म्हण." असं शिकवताना त्याची त्यालाच लाज वाटली.

प्रार्थनेला इंदू पुढे उभी राहिली. "धाकट्या महाराजांना उदंड आयुष्य दे," ती म्हणाली आणि थांबली. डोळे घट्ट मिटलेले, ओठ दाबून धरलेले. दारातून गणपत ते मिटलेलं तोंड बघत होता. काय होतंय ते कळायच्या आत तो ओरडला, "थोरल्या महाराजांनाही दे!"

 मोरोपंतांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "शिंपीबुवा, नाव तुमचं घालायचंय की मुलीचं?"

"मुलीचं," गणपत घाम पुसत म्हणाला.

"मुलगी तर नियमाने वागली. तिला ठेवतो. तुम्ही मात्र उद्यापासून आवारात पाऊल टाकायचं नाही."

गणपतने हुकूम तंतोतंत पाळला. इंदू पुढे चार वर्षं त्या शाळेत शिकली. रोज सकाळी ती एक नाव घेई आणि थांबे. गल्लीपलीकडे शिवणयंत्राची खडखड बंद होई आणि गणपत आपल्या मागच्या दारात, आपल्याच उंबऱ्याच्या आत उभा राहून, खणखणीत आवाजात दुसरं नाव घेई. सगळी शाळा तेवढा वेळ थांबायची. आणि मोरोपंत तोवर हजेरीचं पुस्तक उघडत नसत.