पुठ्ठा वाचणारे उस्ताद

नवी गाडी समोर येऊन उभी राहिली की आमचे उस्ताद दोन पावलं मागे सरत. बाकीचे सगळे पुढे होत. कोणी दार उघडून नव्या सीटचा वास घेई, कोणी बॉनेटवरून हात फिरवी, मालक पेढ्यांचा डबा फिरवी. उस्ताद पेढा घेत, पण तो त्यांच्या हातातच राही. नजर गाडीच्या पोटाखाली. आयुष्यभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस कोऱ्या गाडीला भितो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

त्यांचं गॅरेज आरमोरीच्या बाहेर, एका जुन्या मोहाच्या झाडाखाली होतं. दर रविवारी सकाळी तिथे आम्हा नव्या गाडीवाल्यांची बैठक भरे. कोणाची गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, कोणाच्या डॅशबोर्डमधून खडखड येते, पहिल्या सर्व्हिसला शोरूमवाल्यांनी काय पाहिलं आणि काय पाहिल्यासारखं केलं, यावर चहाच्या तीन फेऱ्या सहज होत. उस्ताद उभ्यानंच चहा पीत. एकदा राइस मिलवाल्या भाऊंनी आपली नवी उंच गाडी आणली आणि उस्ताद मागे सरलेले पाहून ते हसत सुटले.

"काऊन भिता उस्ताद? गाडी हाय, वाघ नाई."

"वाघ तरी दिसते, भाऊ," उस्ताद म्हणाले. "जुनी गाडी कुठी दगा देईन ते मले माहीत राह्यते. नवीनं अजून तोंड नाई उघडलं."

एवढं भिणाऱ्या माणसानं कधीतरी भयंकर अपघात पाहिला असणार, असा आमचा अंदाज होता. मी एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, "नाई बाई, एकही नाई पाहिला. पाहाले लागू नये म्हणून तं भितो."

या भीतीतून त्यांनी एक पद्धत बसवली होती. गाडी नवी असेपर्यंत रोज संध्याकाळी तिच्याखाली पुठ्ठा पसरायचा. टीव्ही, फ्रिजच्या खोक्यांचे मोठे पुठ्ठे ते जपून ठेवत आणि नव्या मालकाला भेट देत. सकाळी गाडी काढली की पुठ्ठा वाचायचा. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवट थेंब रेडिएटरचा, साधं पाणी एसीचं. दोन गोष्टी ते बजावून सांगत. पुठ्ठ्यावर बाण काढून गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते दाखवायचं. आणि डागाला बोट लावायचं. "डोयानं नोका वाचू, बोटानं वाचा. पानी बोटावर वायते, सुकून जाते. जे वायत नाई, त्याचं भेव धरा."

मला ही पद्धत फार पटली. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. कुरखेडा तालुक्यातली गावं माझ्याकडे होती, आणि तपासणी, नोंद, फाईल हे माझ्या हातातलंच काम. आमची गाडी आली त्या दिवसापासून मी पुठ्ठ्यांचा गठ्ठा लावला. प्रत्येकावर तारीख. वहीत रोज एक ओळ. दर रविवारी गठ्ठा उस्तादांसमोर. ते खूष होत. "ऑफिसरबाईचं काम पाहा!" असं इतरांना दाखवत.

बाण मात्र मी काढत नसे. आमच्या अंगणात गाडीचं तोंड नेहमी भिंतीकडेच असे, मग रोज तेच काय काढायचं? आणि सकाळच्या घाईत डागाकडे एक नजर टाकली की मला कळतं, असं मी ठरवून टाकलं होतं. डबे भरायचे, बस गाठायची, त्यात वाकून बोट कोण लावतो?

गाडी खरं तर माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या हौसेची. तिच्या काचांवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा त्याने महिनाभर निघू दिली नाही. खिडकी खडखडते म्हणून तो शोरूमला गेला, तर तिथे सांगितलं, नवी आहे, सेट होईल. उस्ताद म्हणाले, "खिडकी होईन सेट. ब्रेकबद्दल कोनी असं म्हनलं तं गाडी जागची हालवू नोका." विलासने मान डोलावली.

त्या रविवारी विलास आणि आमची मुलगी मानसी सकाळीच कुरखेड्याला नणंदेकडे निघाले. मी गठ्ठा स्कूटीवर बांधून बैठकीला गेले. उस्ताद खाटेवर बसून एकेक पुठ्ठा उलटत होते. शेवटच्या चार पुठ्ठ्यांशी ते थांबले. डागावर बोट ठेवलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाशी नेलं.

"हे काय हाय, बाई?"

"एसीचं पाणी," मी वही पाहून सांगितलं. "पुढच्या बाजूला, डावीकडे. चारही दिवस तिथेच."

"चार दिवसाचं पानी अजून ओलं?"

त्यांनी माझं बोट धरून डागावर ठेवलं. बुळबुळीत. तेलासारखं, पण तेलाहून पातळ.

"गाडी कशी लावता?"

"भिंतीकडे तोंड," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला आठवलं. चार दिवसांपूर्वी विलासचे ऑफिसमधले पाहुणे आले होते. रस्त्यावरून गाडीचा नवा चेहरा दिसावा म्हणून त्याने ती मागे घेत लावली होती, आणि तेव्हापासून रोज तशीच लावत होता. मी ते रोज पाहत होते. पण पुठ्ठ्यावर बाण नव्हता आणि वहीत मी 'पुढे, डावीकडे' लिहीत गेले होते. ती गाडीची मागची उजवी बाजू होती. तिथे एसी नसतो. तिथे चाक असतं, आणि चाकाशी ब्रेकची नळी.

उस्तादांच्या ओठांचा रंग उडाला. "फोन लावा."

विलासचा फोन क्षेत्राबाहेर. मानसीचाही. त्या जंगलात रेंज नसते हे मला पाठ होतं, तरी मी लावतच राहिले.

उस्तादांनी आपली जुनी जीप काढली. मी शेजारी बसून पुन्हा फोन लावत होते, पट्टा त्यांनीच लावून दिला. दोन्ही बाजूंनी सागाचं रान मागे पळत होतं. प्रत्येक वळणाआधी मला पलीकडे पांढरी गाडी उलटी पडलेली दिसे, आणि वळणानंतर रिकामा रस्ता.

"बोला बाई," उस्ताद म्हणाले. "रोजचा रस्ता हाय तुमचा. उतार किती?"

"काय?"

"यादी सांगा. कोठी ब्रेक माराच लागते?"

मी सांगू लागले. तलावाच्या पाळीजवळचा उतार. शाळेपुढचा गतिरोधक. मग मोठा नाला, त्याचा उतार सगळ्यात खडा, खाली अरुंद पूल. एकेक जागा येई, मागे पडे, तिथे काही नसे. उरला नाला. उस्ताद स्वतःशीच पुटपुटत होते. दुवा मागत होते की गाडीला दटावत होते, कळलं नाही.

नाल्याच्या उतारावर गाड्यांची रांग थांबलेली होती. पलीकडे रस्त्याजवळ हत्ती आले होते, म्हणून वनखात्याच्या लोकांनी वाहतूक अडवली होती. रांगेच्या शेवटी आमची गाडी नव्हती. मी जीप थांबण्याआधीच उतरले. ती डाव्या हाताला होती, बांबूच्या दाट बेटात नाक खुपसून, एक चाक हवेत. दारं उघडी. आत कोणी नाही.

मी ओरडले की नाही, आठवत नाही.

"आई!" मानसी एका ट्रकच्या आडून धावत आली. कपाळावर रुमाल, त्यावर रक्त. मागून विलास, धडधाकट, पण चेहरा राखेसारखा. रांग दिसली, त्याने पेडल दाबलं आणि ते जमिनीला टेकलं. हँडब्रेक ओढून त्याने गाडी बांबूत घातली होती. पुढच्या ट्रकच्या मागच्या भागात माणसं बसलेली होती; नाहीतर गाडी त्यांच्यावरच आदळली असती.

"चार दिवस पेडल जरा खाली जात होतं," तो खाली बघत म्हणाला. "बैठकीत कसं सांगू? नव्या गाडीला नाव ठेवल्यासारखं होतं."

 उस्तादांनी गाडीखाली वाकून मागच्या चाकाजवळ हात घातला. नळीच्या जोडाचा नट पहिल्या दिवसापासून पुरता आवळलेला नव्हता, हादऱ्यांनी तो आता सैल झाला होता. त्यांनी पाना लावला, पण हात इतके कापत होते की तो दोनदा निसटून पडला. मग ते तिथेच जमिनीवर बसले आणि मानसीच्या पायाला हात लावून म्हणाले, "आज पाहाले लागलं असतं, पोरी."

त्यानंतर त्यांनी नवी गाडी हाती घेतली नाही. हात पुन्हा पूर्वीसारखे स्थिर झाले नाहीत. पुढच्या वर्षी गॅरेज बंद करून ते सिरोंचाला लेकीकडे राहायला गेले. निघताना त्यांनी उरलेले सगळे पुठ्ठे माझ्या घरी आणून दिले. मी त्यांना दर रविवारी पुठ्ठ्याचा फोटो पाठवू लागले, आता बाणासकट. त्यांचं उत्तर कायम एकच, बोलून पाठवलेलं: "फोटोले बोट लावता नाई येत, बाई. तुमी लावलं का?" 'लावलं' असं मी लिहीत असे. एका रविवारी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा फोन आला.

आमची गाडी आता जुनी झाली. कुठे दगा देईल ते मला माहीत आहे. मानसी नागपूरला नोकरीला लागली आणि गेल्या महिन्यात तिने स्वतःची गाडी घेतली. हार घातलेल्या गाडीसमोर ती हसत उभी होती. फोटो पाहून मी स्वयंपाकघरातच दोन पावलं मागे सरले. अभिनंदन लिहायचं सोडून विचारलं, पुठ्ठा?

दुसऱ्या सकाळी दुसरा फोटो आला. इमारतीच्या पार्किंगमध्ये फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर ठळक बाण, बाणाशेजारी एक लहानसा डाग. खाली लिहिलं होतं, 'एसीचं पाणी गं आई, काळजी करू नको.'

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. डागावर बोट ठेवलं. काच कोरडी होती.