कुसुम कोण?

मंडळी, आज सकाळी मतदार यादीच्या पडताळणीला चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी एक दीदी आल्या. जन्माचा पुरावा म्हणून आईकडे फक्त शाळेचा दाखला आहे. दाखल्यावर नाव कुसुम, यादीत वसुधा.

"अम्मा, ये कुसुम कौन है?"

"मीच तं आहो. लग्नात नाव बदललं सासरच्यांनी."

"सरनेम तो सबका बदलता है, नाम कैसे बदल गया?"

ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलेल्या नावाचा कागद कुठून आणायचा? दीदींनी फॉर्मवर प्रश्नचिन्ह काढलं.

घाबरून कॅनडातल्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, इथं कागद नसले तर त्याच केंद्रावरचा ओळखीचा मतदार लेखी हमी देते. मग मत टाकता येते."

लोकशाही दोन्हीकडे आहे. तिकडे शेजाऱ्याचा शब्द तरी चालतो, असं मी आईला म्हटलं.

आई हसली. "शेजारी वसुधाले ओळखतेत. कुसुमले ओळखनारं आता कोनी जित्तं नाही, बाबू."

तेव्हापासून ती दाखला हातातून खाली ठेवत नाही.

तुमच्या आईचं माहेरचं नाव कुठल्या कागदावर आहे? आज एकदा पाहाल का?