वाटीत न मावणारे इंधन

दिनांक १ फेब्रुवारी १९६५ रोजी जामसंड्याच्या राधाबाईंनी देवगडच्या दुकानातून पेट्रोलचा एक डबा आणवला आणि त्याचे रुपये अठरा, पैसे चाळीस रोख मोजून दिले. पंप रोज तासभर चालवला तर हा डबा महिना काढायला हवा होता. अर्धा महिनाही सरला नाही, तोच डब्याचा तळ वाजू लागला.

डबा गळका नव्हता. पंपही खादाड नव्हता. पेट्रोल गेले होते वाट्यांनी.

राधाबाई मूळच्या आरोंद्याच्या. लग्न होऊन जामसंड्यात आल्या तेव्हा सासूने त्यांना घरच्या चालीरीती सांगितल्या. त्यातली एक अशी, की वाटी घेऊन दारात आलेल्या शेजारणीला नाही म्हणायचे नाही, आणि वाटी परत करताना रिकामी पाठवायची नाही. सासूच्या डोळ्यांपुढे विरजण होते, फार तर मीठ आणि साखर. घरात कधी पेट्रोल येईल हे त्या माउलीच्या स्वप्नातही नव्हते. नाहीतर तिने या नियमाला एखादा अपवाद नक्कीच जोडला असता.

पेट्रोल आले ते कलमांपायी. राधाबाईंचे यजमान श्रीपाद कचेरीत कारकून होते. ते गेले तेव्हा मागे घर, तळाला बाव, म्हणजे विहीर, असलेले परडे आणि वरचा ओसाड कातळ एवढेच राहिले. बाईंना मूलबाळ नव्हते. सगळ्यांना वाटले, बाई आता आरोंद्याला भावाकडे जाईल. बाईंनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालची माती डोक्यावरून वर नेली आणि हापूसची साठ कलमे लावली. पहिली काही वर्षे कलमांना उन्हाळ्यात पाणी लागते. म्हणून हातातल्या दोन पाटल्या मोडून त्यांनी पेट्रोलवर चालणारा छोटा पंप घेतला आणि नळाने पाणी कातळावरच्या हौदात चढवले. गावातला तो पहिला पंप. तो पाहायला आलेल्यांत त्यांचे दीर भाई सर्वांत पुढे होते. कातळावर बाईमाणसाने कलमे करणे म्हणजे केस पिकल्यावर वेणी घालणे, असे ते चारचौघांत म्हणाले. राधाबाईही चारचौघांतच बोलून गेल्या, की औंदा पावसापर्यंत कलमे तगली नाहीत तर कातळ भाईंच्या नावे करून देईन. भाई तेव्हापासून रोज संध्याकाळी कातळावर फिरायला जाऊ लागले. आजारी माणसाला भेटायला जावे तसे ते कलमांना भेटत, पाने चाचपत आणि समाधानाने परत येत.

इकडे वाट्यांचा ओघ सुरूच होता. शिंप्याला कोटावरचे तेलाचे डाग काढायला पेट्रोल लागे. न्हाव्याला सिगारेट पेटवायच्या लायटरला लागे. पण खरा खप होता शेजारच्या शेवंतीकडे. पहिल्यांदा तिने खाटेतल्या ढेकणांसाठी आमटीची वाटी आणली. ढेकूण मेले, पण मागणी मेली नाही. पुढे वाटीच्या जागी पेला आला, पेल्याच्या जागी तांब्या आला, आणि शेवटी शेवंती चक्क टोप घेऊन आली. मागताना मात्र ती "वाटीभरच" असेच म्हणे. याचे कारण लवकरच उघड झाले. तिचा नवरा हरिश्चंद्र याने कोल्हापूरहून एक जुनी फटफटी आणली होती, आणि ती ढेकणांच्या पेट्रोलवर विजयदुर्गापर्यंत जाऊन येत होती.

शेवंती बेइमान नव्हती. प्रत्येक वेळी तिने भांडे परत आणले आणि कधीही रिकामे आणले नाही. कधी कोकमाची सोले, कधी सुक्या मिरच्या, कधी दोन अंडी. राधाबाईंच्या घरी सोलांची बरणी भरली, दुसरी बरणी भरली, आणि पंप तहानलेला राहिला. पंपाला सोलकढी चालत नव्हती.

नाही म्हणावे तर सासूचा शब्द आडवा येई. कुलूप लावावे तर ते नाही म्हणण्यासारखेच. दुसरा डबाही तसाच आटू लागला तेव्हा राधाबाईंनी बाबली मेस्त्रीला बोलावले. बाबली लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीवर क्लीनर होता. त्या एका भांडवलावर तो वीस वर्षे मेस्त्री म्हणवून घेत होता. बाईंनी त्याला चहा दिला आणि विचारले, की कोणाला उसने मागताच येणार नाही असे काही पंपाला पाजता येईल का?

बाबलीने विचार करून सांगितले, की मुंबईत आता स्वयंपाकाचा गॅस लोखंडी टाकीतून घरोघर येतो. इंजिन गॅसवर चालते हे आपण स्वतः पाहिलेले आहे. कोळशाचा असो की टाकीतला, गॅस तो गॅस.

"काकी, ह्येच्यातलो गॅस कोणाक वाटयेतसून नेवक जमाचो नाय," तो म्हणाला.

राधाबाईंना एवढेच ऐकायचे होते.

त्यांचा भाचा सत्यवान मुंबईला होता. त्याला निरोप गेला, की मावशीला चुलीचा धूर सोसत नाही. मावशीच्या डोळ्यांच्या काळजीने त्याने गॅसची टाकी, शेगडी आणि रेग्युलेटर मिळवले. मार्चमध्ये पहिले आंबे मुंबईला पोचवून परत येणाऱ्या ट्रकमधून, पेटीतल्या गवतात लपेटून, टाकी जामसंड्यात उतरली. शेगडी माळ्यावर गेली. राधाबाई पुढेही चुलीवरच रांधत राहिल्या आणि त्यांचे डोळे ठणठणीत राहिले.

बाबलीने रबरी नळी, पितळेची एक चकती आणि पेट्रोमॅक्सच्या बत्तीचा जुना खिळा एवढ्यावर पंपाचे धर्मांतर केले. दोरी ओढताच इंजिन खोकले, शिंकले आणि चालू झाले. धूर कमी, वास वेगळा. बाबलीने कपाळाचा घाम पुसला आणि सगळे श्रेय लढाईला दिले.

दुसऱ्याच दिवशी शेवंती टोप घेऊन हजर.

"काकी, वायच पेट्रोल होया होता. वाटीभरच."

राधाबाई लगबगीने उठल्या. तिला बावीवर घेऊन गेल्या. इंजिनाकडची नळी सोडवली आणि तिचे तोंड टोपात धरले.

"होया तितक्या घे गो. धर बरी."

त्यांनी चावी जरा फिरवली. फुस्स झाले. शेवंतीने टोपात पाहिले. मग टोप तिरका करून पाहिला. सडक्या कांद्यासारखा वास आला तेव्हा ती दोन पावले मागे सरली. बाईंनी चावी बंद केली.

"भरलो टोप?"

"नाय."

"मगे? मी काय तुका नाय म्हटलंय?"

रिकामा टोप पाठवायचा नाही म्हणून राधाबाईंनी त्यात तिचीच सोले भरून दिली. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत न्हाव्याच्या दुकानात पोचली आणि त्यानंतर वाट्या बंद झाल्या. हरिश्चंद्र स्वतःच्या पैशाने पेट्रोल घेऊ लागला आणि विजयदुर्गाला चालत जाणे प्रकृतीला किती चांगले असते हे लोकांना पटवू लागला.

एप्रिल संपेपर्यंत सगळे सुरळीत होते. कलमांना तांबूस पालवी फुटली. भाईंचा चेहरा दिवसेंदिवस उतरत होता. मग एका सकाळी दोरी ओढली तर इंजिन खोकलेसुद्धा नाही. टाकी तर नुकतीच मुंबईहून बदलून आलेली, अर्धीअधिक भरलेली. बाबली लग्नाला मालवणात गेलेला. राधाबाईंनी कळशीने पाणी वर न्यायला सुरुवात केली, पण साठ कलमे आणि एक बाई हा हिशेब जमणारा नव्हता. वरच्या रांगेतली पालवी माना टाकू लागली. भाईंनी त्या संध्याकाळी कातळावर दोन फेऱ्या जास्त मारल्या आणि जाता जाता, तलाठी सोमवारी भेटतो, अशी माहिती कोणी न विचारता दिली.

बाबली परतला, त्याने नळी तपासली, चकती तपासली आणि मान खाजवली. मग त्याला आठवले. टाकीतल्या गॅसवर थंड इंजिन धरत नसे, म्हणून रोज सुरू करताना इंजिनाच्या घशात जुन्या डब्याच्या तळचे घोटभर पेट्रोल ओतायला तो बाईंना सांगून गेला होता. त्या तळाचा शेवटचा थेंब आता संपला होता, आणि गॅस असताना पेट्रोलावाचून अडेल असे बाईंना वाटले नव्हते. पुढे काय करायचे हे सांगायचे मात्र राहून गेले होते.

"घशात घोटभर घाला, मगे तो गॅसवर धावतलो," तो म्हणाला, आणि कोकम सरबत मागितले.

देवगडच्या दुकानात डबे आलेले नव्हते. कोल्हापूरचा ट्रक घाटात बंद पडला होता. साऱ्या जामसंड्यात पेट्रोल एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे हरिश्चंद्राच्या फटफटीत.

राधाबाईंनी फळीवरून सगळ्यांत लहान वाटी घेतली. मग ती ठेवली आणि आमटीची घेतली. मागायचेच तर नीट मागावे. पदर सारखा करून त्या कुंपणापलीकडे गेल्या. लग्न झाल्यापासून वाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

शेवंती तांदूळ निवडत होती. तिने वाटीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, आणि शांतपणे सूप बाजूला ठेवले. मग ती त्यांना फटफटीपाशी घेऊन गेली.

"होया तितक्या घेवा काकी. धरा वाटी."

तिने टाकीखालची चावी सोडली, पण इतकीच, की थेंबामागून थेंब पडावा. राधाबाई वाकून वाटी धरून उभ्या. शेवंतीने गप्पा सुरू केल्या. ढेकूण पुन्हा झाले आहेत. सोलांना यंदा भाव नाही. भाईंनी कातळाभोवती दगडी गडग्यासाठी चिरे सांगून ठेवले आहेत म्हणे. बाईंची कंबर धरली, पण वाटी हलली नाही. शेवटी पेट्रोल काठाला टेकले.

"भरली?"

"भरली."

"मगे?" शेवंती म्हणाली. "सासू तुमचीच नाय, माझी पण होती."

इंजिन पहिल्या ओढीला सुरू झाले. हौद भरला, तसा राधाबाईंनी दिवेलागणीपर्यंत कलमांना पाणी घातले. वरच्या रांगेतली दोन गेली, अठ्ठावन्न तगली. मिरगाचा पाऊस लागला तेव्हा भाईंनी सांगितलेले चिरे राधाबाईंनीच विकत घेतले, थोड्या कमी भावाने. भाईंना ते ठेवायला दुसरी जागा नव्हती.

राहिला प्रश्न वाटीचा. राधाबाई सोले घेऊन गेल्या. शेवंती म्हणाली, सोले सोलांत, पेट्रोल पेट्रोलात. त्यावर राधाबाईंनी आधीचे पेले, तांबे आणि टोप काढले. शेवंतीने त्या प्रत्येकाची परतफेड अंड्यामिरच्यांसकट तोंडपाठ म्हणून दाखवली, आणि तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती याची आठवण दिली. दोघींपैकी कोणी मागे हटले नाही. भांडणही झाले नाही. १९६९ साली कलमांना पहिला मोहोर टिकला तेव्हा पहिली पेटी शेवंतीकडेच गेली. तिने ती आंबे म्हणून ठेवून घेतली.

आमटीची एक वाटी पेट्रोल राधाबाईंकडून शेवंतीला अजून येणे आहे.