कुंपणाआडचा स्तूप

हमद टाऊनच्या रस्त्याला तारेच्या कुंपणाआड मातीचे लहानमोठे उंचवटे आहेत. त्यातल्या एकाच्या पायाशी दगडांचं गोल कडं उघडं पडलं आहे. गुडघाभर उंच, एकावर एक नीट रचलेलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला लागून दोन महिने झाले होते. साइट दाखवायला नेलं होतं, आणि गाडीच्या काचेतून ते कडं दिसताच माझा ऊर भरून आला. स्तूप. बहारीनमध्ये स्तूप.

कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही. मी तिसरीत असताना आमच्या वस्तीनं बस करून सगळ्यांना सांचीला नेलं होतं. तेव्हापासून मातीचा उंचवटा आणि त्याला दगडाची गोल कड दिसली की माझं डोकं दुसरं काही म्हणतच नाही. आपल्या लोकांना जिथं तिथं स्तूप दिसतो, असं आमचेच लोक हसून म्हणतात. हसोत बापडे. मी फोटो काढला, नागपूरला आईला पाठवला आणि खाली लिहिलं, "आई, बुद्ध इथंही पोचले होते."

आठवड्यानं त्याच भागाचं ड्रॉइंग तुबलीच्या ऑफिसात माझ्या टेबलावर आलं. मी ड्रेनेजच्या लाइनी काढते. त्या ड्रॉइंगवर लहान लहान गोल होते आणि लाइन त्यांना वळसा घालून जात होती. मी आमच्या सर्व्हेअरला विचारलं, हे गोल कसले? तो केरळचा, त्याचं हिंदी माझ्याहून बरं. म्हणाला, "मॅडम, कबर है. चार हजार साल पुरानी. इधर पाइप मफी." मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'.

चार हजार. बुद्धांनाच अडीच हजार वर्षं झाली. चौथीतलं पोरगंही ही वजाबाकी करेल, आणि मी डिप्लोमा झालेली बाई. स्वतःचाच राग आला. संध्याकाळी हूरा भागातल्या माझ्या खोलीवर आल्याआल्या फोन लावला, आईला सांगून दोघी हसू म्हणून.

पण आईनं मला बोलूच दिलं नाही. फोटो मोठा करून, फ्रेम करून विहारात लावला होता. मूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं उभं राहून सांगितलं होतं, माझ्या मुलीनं शोधला, मी बहारीनला जाणार आणि पांढरी साडी नेसून तिथं वंदना घेणार. आयुष्यभर शाळेत शिपायाची नोकरी केलेली माझी आई. चारचौघींत उभं राहून बोलल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "हो का? छान."

ते "छान" दोन वर्षं चाललं. दर रविवारी वाटायचं, आज सांगू. मग ती विचारायची, तिथं फुलं मिळतात का गं? आणि मी म्हणायची, मिळतात. खोटं बोलायला काही करावं लागत नाही, नुसतं पुढच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

तिचा विसा काढायचं ठरलं आणि गेल्या मार्चमध्ये ती गेली. हृदयविकार. नोव्हेंबरात बाबा महिनाभरासाठी आले. वीज मंडळातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. बॅगेतून त्यांनी आईची पांढरी साडी काढली, इस्त्री केलेली. म्हणाले, "हे तू नेस. तिच्या वाटची वंदना आपण दोघं घेऊ."

दोन आठवडे मी टाळाटाळ केली. गाडी सर्व्हिसिंगला आहे, तिकडे रस्ता बंद आहे. मुहर्रकची जुनी घरं दाखवली, बाजार दाखवला. बाबा सगळं निमूट बघायचे आणि घरी आल्यावर विचारायचे, "तिथं कधी?" मला खरंच कळत नव्हतं काय करावं. बोलले नाही तर बाबा समाधानानं परत जातील, विहारात सांगतील, आणि वस्तीतल्या बाया कुणाच्या तरी कबरीला रोज हात जोडतील. बोलले तर आईच्या त्या दोन वर्षांचं काय? आणि प्रश्न विचारल्याशिवाय काही मानू नको म्हणून ज्यांनी मला वाढवलं, त्यांच्याच हातून मी ही खोटी वंदना करवून घेणार. कधी वाटायचं, मेलेल्या माणसापुढं हात जोडले तर बिघडलं काय? लगेच वाटायचं, ही पळवाट आहे, बाई.

एका शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. मी आईची साडी नेसले होते. बाबांनी कुंपणाजवळ चपला काढल्या, पिशवीतून मेणबत्ती काढली, आणि माझा धीर सुटला.

"बाबा, हा स्तूप नाही. कबर आहे. आईला फोटो पाठवला त्याच आठवड्यात मला कळलं होतं."

बाबा माझ्याकडे वळले. "मग काहून नाही सांगतलं तिले?"

"तिला वाईट वाटेल म्हणून."

"सरांनी सांगतलं होतं तिले," बाबा म्हणाले. सर म्हणजे आमच्या शेजारचे, शाळेत इतिहास शिकवायचे ते. "फोटो लागला त्याच दिवशी. तिकडं स्तूप नाही म्हणे. तुही माय चिडली. माही पोरगी तिथं नकाशे काढते, तिले जास्त समजते का तुम्हाले? मंग बोलनंच बंद केलं त्यांच्याशी. मयतीले आले तर फाटकाबाहेर उभे राह्यले. आत नाही आले."

"तुम्हाला काय वाटत होतं?"

"मले वाटलं, माही पोरगी खोटं कायले बोलन."

त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते मेणबत्ती परत पिशवीत ठेवू लागले, आणि मेणबत्ती पिशवीत नीट जाईना. मी तिथंच उभी राहून सरांना फोन लावला. जयभीम केला. म्हटलं, सर, तुमचं बरोबर होतं, इथं कबरी आहेत, आणि मला तेव्हाच कळलं होतं.

सर म्हणाले, "दोन वर्षं तुझी आई रोज सकाळी माझ्या दारावरून मान फिरवून जायची. हे आता मला कशाला सांगतेस? मला तर माहीतच होतं." आणि त्यांनी फोन ठेवला.

बाबांनी चपला घातल्या. गाडीत बसल्यावर म्हणाले, "फोटो मी काढतो विहारातून. पन तिच्या मैत्रिणींले काय सांगाचं, ते तू लिहून दे. मी वाचून दाखवीन."

बाबा परवा निघतात. चार दिवस मी कागद घेऊन बसते आहे. विसाचे अर्ज, लीव्हची पत्रं मी चुटकीसरशी लिहिते. इथं एकच ओळ झाली आहे: माझ्या आईनं तुम्हाला खोटं सांगितलं नव्हतं, खोटं मी तिला सांगितलं होतं. ही ओळ बाबा विहारात उभे राहून कसे वाचतील, मला कळत नाही.