वाणात गेलेलं प्रदर्शन

एकविसाव्या वर्षी मेहकरात आपल्या एकटीच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं, हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले. मुलींच्या शाळेत चित्रकलेची बाई नेमायची की नाही, हे ठरवायला अमरावतीहून इन्स्पेक्टरीणबाई यायच्या होत्या. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "अर्ज कोणीही लिहितं. तू तुझं काम दाखव." मला ती नोकरी हवी होती.

माझं काम म्हणजे डोंगरामागून उगवणारा सूर्य वगैरे नव्हे. माझे वडील सरकारी मोजणीदार. साखळी घेऊन जिल्हाभर हिंडत आणि माझ्या हट्टापायी गावोगावची माती रुमालात बांधून आणत. ती चाळून, बाभळीच्या डिंकात कालवून मी वीतभर पुठ्ठ्यांवर सारवायची. एक पुठ्ठा, एक गाव. त्याखाली गावाचं नाव. कुठली काळी कुळकुळीत, कुठली तांबूस, कुठली भुरकी. समोरच्या भिंतीवर आभाळ. काळ्या रंगवलेल्या पासोडीवर चुन्याचे ठिपके दिले होते, पण अंदाजपंचे नव्हे. हात लांब करून मूठ धरायची आणि दोन चांदण्यांत किती मुठी बसतात ते पाहायचं. आमच्याकडच्या बाया ज्या सप्तर्षींना म्हातारीचं खाटलं न् तीन चोर म्हणतात, ते सगळे मुठींनी मोजून उतरवले होते. तिसरी वस्तू लोणारच्या तळ्याची. तळ्याचा काठ मी आणि माझ्या मामेबहिणीने लुगड्याने मोजला होता. एक लुगडं झालं की सुतळीला एक गाठ. त्या सुतळीचं हे एवढं वेटोळं झालं. कसं मोजलं ते खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, एकीनं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं.

वडील म्हणाले, "सरकारच्या मोजनीत लुगडं चालत नाही, पोरी."

मी म्हटलं, "मंग सरकारनं एकदा नेसून पाहावं."

नुसती चित्रं पाहायला बाया यायच्या नाहीत, हे मुख्याध्यापिकांना पक्कं ठाऊक होतं. संक्रांतीचे दिवस होते. त्यांनी तोड काढली: शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन आणि तिथंच हळदीकुंकू. वाण म्हणून लाकडी फण्या आणल्या. जाताना जिनं तिनं आपलं वाण उचलावं म्हणून त्यांची टोपली मी हॉलच्या मागच्या दाराशी ठेवली आणि तिथंच अख्खा घोळ झाला.

दुपारी बाया आल्या त्या लोंढ्यानेच. मी व्हरांड्यात कुंकू लावायला बसले, तिळगूळ देता देता हात दुखले. आतून "माय व! माय व!" असं ऐकू येत होतं आणि मी मनातल्या मनात नाचत होते. पाहताहेत! माझं काम पाहताहेत! आत काय चाललंय हे बघायला उठावं, तर पुढं दहा कपाळं उभी.

शेवटची बाई आत सोडून मी हॉलमध्ये गेले, तर भिंती उघड्या. एक पुठ्ठा नाही. आभाळ नाही. लोणार नाही. फण्यांच्या टोपलीला मात्र कोणी हात लावला नव्हता.

शाळेची शिपाईणबाई कौतुकाने सांगू लागली, "पयले त्या आळीतल्या थोरल्या काकूनं उचललं. म्हने, हे तं माह्या माहेरचं वान! मंग काय, सबन बाया लुटून राह्यल्या. अशा वानाची सर त्या फन्यायले कुठची?"

तेवढ्यात फाटकाशी बैलांची दमणी थांबली; दुपारीच यायच्या त्या इन्स्पेक्टरीणबाई आत्ता आल्या.

उंच, शिडशिडीत, हातात वही. त्यांनी भिंती पाहिल्या, मला पाहिलं. "प्रदर्शन कुठे आहे?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "गावात आहे, बाई. चला, दाखवते."

आणि आम्ही निघालो! पहिल्याच घरी आभाळ सापडलं, पाळण्यावर टांगलेलं. तिथली सून हात लांब करून बाळाला मुठी मोजून दाखवत होती. पुढच्या घरी पुठ्ठा पाण्यात भिजवून माती तुळशीत घातलेली. आणखी एके ठिकाणी लोणारचा काठ चक्क गोऱ्ह्याच्या गळ्यात निघाला. मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी त्या घरधनिणीला विचारलं, "या गाठी कसल्या, माहीत आहे?"

"हाव! एक गाठ म्हंजे एक लुगडं. केवढं मोठं तळं व बाई, अन् मी तं आजवर गेली नाही!"

बाई लिहीत होत्या. काय लिहीत होत्या, देव जाणे. चालता चालता म्हणाल्या, "अहवालाबरोबर एक तरी वस्तू धड पाठवावी लागेल. नाहीतर साहेब जागा मंजूर करणार नाहीत."

धड वस्तू एकच सापडली, थोरल्या काकूंच्या घरी. रोहिणखेडचा पुठ्ठा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला होता, त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. मी कसाबसा विषय काढला.

काकू म्हणाल्या, "भाऊ राह्यला नाही. आता मले माहेरी कोन नेते? तुले पाह्यजे तं ने, पोरी. तुहंच हाय."

त्यांनी तो उचलून पुढं केला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नोकरी हातभर अंतरावर होती. माझा हात उचललाच गेला नाही. "राहू द्या, काकू," मी म्हटलं, "वाण परत घेत नसतात."

आम्ही शाळेकडे परतलो. नोकरी गेली हे मी धरूनच चालले होते, तरी माझे पाय जमिनीवर नव्हते. गावभर माझं काम लागलं होतं! हॉलमध्ये येताच बाईंनी वही माझ्यापुढं धरली. वस्तूंच्या रकान्यात रेघ मारली होती आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नेमणूक करावी. मंजुरी मिळवणे माझ्याकडे. मी बाकावर चढून ओरडायचीच बाकी राहिले.

बाई मात्र दाराशीच घुटमळत होत्या. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की त्या उशिरा आल्या नव्हत्या. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. हळदीकुंकू आटोपेपर्यंत त्या डाकबंगल्यातच थांबल्या होत्या. अशा बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, वाण तर लांबच. मीही बोलावलं नव्हतं, आणि ते मला खटकलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"शेगावची माती उरली आहे का हो?" त्यांनी विचारलं. "माझं माहेर."

पेटीत थोडी होती. मी पुडी बांधायला कागद शोधू लागले.

"कागद नको," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढं पदर पसरला.